बॅटरीचा फवारणी पंप: आधी पाणी भरा, पाठीवर घ्या, मग पैसे द्या

मे २०२३. दापोलीच्या बाजारात कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर मी पाण्याने भरलेला पंप पाठीवर घेऊन उभी होते. दुकानदार ओळखीचा, पण गिऱ्हाईक दुकानातच टाकी भरायला लावतं हे त्यालाही नवीन होतं. "काकू, पंप सगळे सारखेच. खोका घ्या आणि जा," असं तो दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. आदल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात मी हेच ऐकून २० लिटरचा, बारा बाय बारा (१२ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर) बॅटरीचा पंप ३,८०० रुपयांना खोक्यासकट घरी आणला होता. तो भरल्यावर मला जमिनीवरून उचलताच आला नाही. दोन महिन्यांनी भावाला देऊन टाकला. तो सहा फुटी आहे, त्याच्या काजूच्या कलमांना तो छान चालतो. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन बावन्न किलो, आणि वय अठ्ठावन्न.

म्हणून हे लिहिते आहे. बॅटरी पंप घेताना सगळे लिटर विचारतात, अँपिअर विचारतात, वॉरंटी विचारतात. भरलेला पंप स्वतः उचलून कुणी बघत नाही. घरात फवारणी करणारी बाई असेल, किंवा साठीच्या पुढचा माणूस असेल, तर पहिला प्रश्न वजनाचाच आहे.

आमचं आगर केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, घराच्या मागे चौदा गुंठे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अकरा माड आणि निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. पाऊस संपल्यावर ठेंगणे माड लावले, मधून केळी, उरलेल्या पोफळींवर मिरीचे वेल, विहिरीच्या अलीकडे वांगी, वाल, भेंडी. दाराशी जास्वंद आणि अबोली. पूर्वी औषध मारायचं काम यांचं. यांच्याकडे मालाडच्या अ‍ॅस्पी कंपनीचा पितळी हातपंप होता, वीस वर्षं वापरला. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि दांडा मारणं बंद झालं. गडी एका दिवसाचे सातशे मागतो आणि तोही आपल्याला हवा त्या दिवशी मिळत नाही. कीड त्याची वाट बघत थांबत नाही. तेव्हा पंप माझ्या पाठीवर आला.

घेतलेला पंप असा: १६ लिटरची टाकी, बारा बाय आठची बॅटरी, म्हणजे १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर, साधी लेड अ‍ॅसिडची. टू-इन-वन, म्हणजे बॅटरी संपली तर बाजूचा दांडा हाताने मारता येतो. किंमत २,९०० पडली. कंपनीचं नाव देत नाही, कारण उपयोग नाही. याच साच्याची टाकी मी नंतर खेडच्या बाजारात तीन वेगळ्या नावांनी, तीन रंगांत पाहिली. नावापेक्षा खाली सांगते त्या गोष्टी बघा.

वजन मी घरी सुपारीच्या काट्यावर केलं. रिकामा पंप बॅटरीसकट ५ किलो ८०० ग्रॅम. पाणी लिटरला किलो. म्हणजे १६ लिटर भरला की बावीस किलो झाला. भावाला दिलेला तो वीसचा पंप भरून सत्तावीसच्या घरात जात होता, माझ्या निम्म्या वजनाहून जास्त. मी आता या पंपात १० लिटरच भरते, की सोळा किलोच्या आत काम राहतं. चौदा गुंठ्यांत एखादी फेरी जास्त होते, एवढंच. १० लिटरचा आणखी एक फायदा हिशोबाचा. लिटरला ५ मिली म्हटलं की ५० मिली, लिटरला २ ग्रॅम म्हटलं की २० ग्रॅम, चूक व्हायला जागा नाही. आपल्याकडे दुकानात "पंपाला तीस मिली" असं सांगतात, तेव्हा त्यांच्या मनातला पंप बहुतेक वेळा १५ लिटरचा जुना हातपंप असतो. तुमची टाकी १६ ची, २० ची असेल किंवा तुम्ही १० भरत असाल, तर तो डोस तसाच ओतू नका. लिटरला किती ते विचारून घ्या.

मग १० लिटरचाच पंप का नाही घेतला? दुकानात ८ लिटरचा एक होता, पण त्याचे वॉशर, नोझल, ट्रिगर काहीच दापोलीत सुटं मिळत नव्हतं. १२ लिटरचा, सुटे भाग मिळणारा पंप असता तर मी तोच घेतला असता. अर्धी टाकी रिकामी असली की चालताना पाणी हिंदकळतं आणि उतारावर झोक जातो, हे या पंपाचं मला पटलेलं दुखणं आहे. आगरातल्या पाटावरून पाय टाकताना मी आधी थांबते, पाणी शांत होऊ देते, मग पाऊल उचलते.

पंप जमिनीवरून उचलून पाठीवर घेऊ नका. मी तो पडवीच्या जोत्यावर ठेवते, जोत्याला पाठ लावून टेकते, दोन्ही पट्टे खांद्यात घेते आणि उभी राहते. भरतेही तिथेच, विहिरीपासून लांब. पट्टे मात्र फार कोते दिलेत. बारीक नायलॉनचे, कापसाचं नाव नाही. पहिल्या दिवशी खांद्यावर लाल वळ उठले. जुन्या गोधडीचे चार पदरी तुकडे पट्ट्यांवर शिवले, आणि छातीवर दोन्ही पट्टे जोडणारी एक नाडी बांधली, म्हणजे ते खांद्यावरून घसरत नाहीत. ही नाडी आधीच बसवलेली असेल असा पंप मिळाला तर शंभर-दोनशे जास्त द्या.

दुकानात भरलेला पंप पाठीवर घेतलात की आणखी एक करा, वाका. भेंडी काढायला वाकतो तसं कमरेतून वाका. दुकानातल्या पहिल्या पंपात याच वेळी झाकणातून पाणी माझ्या मानेवर आलं. ते पाणी होतं म्हणून ठीक. आगरात त्या जागी औषध असतं आणि ते पाठीवर, ब्लाउजमध्ये, कातडीवर जातं. झाकणाच्या आत रबरी कडी असते. ती नीट बसलेली नसली, किंवा झाकणावरच्या हवेच्या छिद्रातली छोटी झडप सैल असली, तर गळतं. दुकानदाराने दुसरा खोका फोडला, त्याचं झाकण कोरडं राहिलं, तो मी घेतला.

हे इतकं ताणून सांगायचं कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर गेले. त्या बातम्या मी तेव्हा रोज वाचत होते. आपलं आगर चौदा गुंठ्यांचं, आपण कपाशीवाले नाही, म्हणून विष आपल्याला ओळखून सोडत नाही. बॅटरी पंपाने तर दमही लागत नाही, त्यामुळे माणूस तासन्‌तास धुक्यात चालत राहतो. बाटलीवरचा चौकोन बघा: त्याच्या खालच्या त्रिकोणात लाल रंग असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. माझ्या घरात लाल-पिवळं येतच नाही. हिरव्यालाही पूर्ण बाह्यांचा यांचा जुना शर्ट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, आणि वारा पाठीकडून. समुद्राचा वारा आमच्याकडे दहा-साडेदहाला उठतो, त्याच्या आत काम संपवते.

आता पंपाच्या कामाबद्दल. हातपंपाला दाब हाताच्या जोरावर, दांडा थांबला की फवारा बसला. इथे छोटी मोटर पाणी ओढते आणि दाब सारखा राहतो. ट्रिगर सोडला की नळीत दाब चढतो आणि मोटर आपोआप थांबते, दाबला की परत सुरू होते. हे ऐकायला शिका. ट्रिगर सोडलेला असताना मोटर मध्येच "टर्र" करून उठत असेल, तर कुठेतरी गळती आहे. नळीचा जोड, ट्रिगरचा वॉशर किंवा नोझलची चकती बघा. बाजूला एक फिरवायचं बटण असतं, त्याने मोटरचा वेग कमी-जास्त होतो. हे बटण नसलेला पंप घेऊ नका. वांग्याच्या कोवळ्या रोपांना पूर्ण दाब मारला तर ती झोपतात, आणि माडाला कमी दाब मारला तर औषध वर पोचत नाही.

नळीतून किती पाणी जातं ते मी मोजलं. बादली, मोबाइलचं घड्याळ आणि दुधाचं माप. सोबत आलेल्या एकतोंडी गोल फवाऱ्याच्या नोझलने पूर्ण दाबावर मिनिटाला ८०० मिली. म्हणजे १० लिटर साडेबारा मिनिटांत. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मी एकदा नुसत्या पाण्यावर मोजदाद केली तर १३६ लिटर गेलं, म्हणजे सुमारे पावणेतीन तास. खोक्यावर छापलेल्या आकड्याच्या हे बरंच खाली आहे, पण चौदा गुंठ्यांना पुरून उरतं. बारा बाय आठची बॅटरी मला पुरते. बारा बाय बाराची हवी तर एकरांची शेती हवी आणि ते वजन झेलणारी पाठही.

सोबत चार नोझल येतात. त्यातलं गोल पोकळ फवाऱ्याचं एकच माझ्या कामाचं. त्याचे थेंब बारीक, पानाला चारी बाजूंनी लागतात, किडीला आणि बुरशीला तेच लागतं. पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल तणनाशकासाठी असतं. चार तोंडांचं मोठं नोझल लावलं तर दाब वाटला जातो आणि प्रत्येक तोंडातून नुसती गळती होते. ही मोटर त्याला पुरत नाही, खोक्यावर चित्र असलं तरी.

ज्या कामासाठी मुख्यतः पंप घेतला ते माडावरच्या पांढऱ्या माशीचं. ही चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली आणि मग किनारा धरून सगळीकडे पसरली. झापाच्या, म्हणजे झावळीच्या, पातीच्या खालच्या बाजूला गोल-गोल मेणाच्या रेघांत अंडी घालते, पांढरा कापूस पसरल्यासारखा दिसतो. तिच्या अंगातून गोड चिकट पाणी गळतं, ते खालच्या पानांवर पडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. खाली लावलेली केळ, जास्वंद, अबोली सगळी काजळी धरल्यासारखी काळी होते. माझ्या नव्या माडांची खालची झापं २०२२ मध्ये अशीच झाली होती, आणि वादळानंतर हाताने लावलेली ती झाडं काळी पडताना बघवत नव्हतं.

कृषी विद्यापीठाच्या माणसांनी एका बैठकीत नीट समजावलं होतं की या माशीवर जहाल कीटकनाशक मारू नका. एन्कार्सिया नावाची अगदी बारीक गांधीलमाशी या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत आपली अंडी घालते आणि त्यांना संपवते. विष मारलं तर आधी ती मरते. म्हणून मी आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारते, दोन दिवसांनी कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी. तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटून दुधासारखं करायचं, मग टाकीत. थेट ओतलं तर ते वर तरंगतं, पहिली आठ लिटर नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या दोन लिटरात तेल उतरून पानं भाजतात.

आणि हे सगळं पातीच्या खालच्या बाजूला बसलं पाहिजे. इथे पंपाची दांडी कामाला आली. ती सरकवून लांब होते आणि टोकाला वाकलेला कोन आहे, त्यामुळे नोझल वर तोंड करून झापाच्या पोटाला लागतं. हात वर करून मला दहा-बारा फुटांपर्यंत पोचता येतं. त्या उंचीला फवारा आपल्याच तोंडावर उतरतो, म्हणून झाडाच्या बुंध्याशी उभं राहू नका, दोन पावलं बाहेर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा. दोन हंगामांत माझे माड पुष्कळ सुधारले. यातलं किती तेलाने आणि किती त्या गांधीलमाशीने केलं हे मी वेगळं काढू शकत नाही, पण नवी झापं हिरवी आली.

बारा फुटांच्या पुढचं काम या पंपाला सांगू नका. जुने उंच बाणवली माड, हापूसची मोठी झाडं, पोफळीवरचे सुपारीचे घड यांना हा पंप पोचत नाही. त्याला इंजिनवरचा मोठा पंप आणि लांब नळी, किंवा झाडावर चढणारा गडी लागतो. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने आंब्याच्या तुडतुड्यांसाठी म्हणून बॅटरी पंप घेतला आणि आता त्याने अंगणात पाणी शिंपतो.

बुरशीनाशक बोर्डो मिश्रणाला पंप चालतो, पण मेहनत आहे. पावसाच्या तोंडावर मिरीच्या वेलांना मी एक टक्क्याचं बोर्डो मारते, कारण पावसात मिरीचा मर रोग फार झपाट्याने पसरतो, आज हिरवा दिसणारा वेल आठ-दहा दिवसांत गळून जातो. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद पाच लिटरात एका प्लास्टिकच्या बादलीत, चुना पाच लिटरात दुसऱ्या बादलीत, आणि मग एकत्र. लोखंडी भांडं नको. शेवटी चकचकीत विळा त्यात बुडवायचा. पात्याला तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. लेप चढेनासा झाला की मिश्रण तयार. ही यांच्या वडिलांनी शिकवलेली रीत आणि विद्यापीठाच्या पुस्तिकेतही तीच आहे.

पण चुन्याचा एक खडा सुद्धा नोझल बंद करतो. पंपात तीन गाळण्या असतात: टाकीच्या तोंडाशी एक, टाकीच्या तळाशी पाणी ओढलं जातं तिथे एक, आणि ट्रिगरच्या मुठीत एक बारीक. तिसरी पुष्कळांना माहीतच नसते. मलाही पहिल्या वर्षी नव्हती. दाब बसला, मला वाटलं मोटर गेली, मी दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलाने मूठ उघडून गाळणी झटकली आणि पंप सुरू झाला. निंबोळी अर्काला तर हे नेहमीचं. आमच्या किनाऱ्याला कडुनिंब फारसा नाही, माझी बहीण कराडहून वाळवलेल्या निंबोळ्या पाठवते. १० लिटरला अर्धा किलो भरड, रात्रभर भिजवलेली, सकाळी जुन्या धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळायची आणि टाकीत ओततानाही फडकं ठेवायचं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. मी दात घासायचा जुना ब्रश पंपालाच दोरीने बांधून ठेवला आहे.

आता माझं सगळ्यात मोठं नुकसान. २०२४ च्या आषाढात शेजारच्या एकाने पंप मागितला. दिला, आमच्याकडे अवजार मागितलं तर नाही म्हणत नाहीत. त्याने भाताच्या बांधावरच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, पंप दोनदा विसळला आणि परत आणून दिला. काय मारलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आठवड्याने त्याच पंपाने मी वांगी आणि वालावर निंबोळी अर्क मारला. चार दिवसांत वांग्याचे शेंडे वाकले, नवी पानं सुतळीसारखी पिळवटून बारीक झाली. वाल तर वेलावरच गेला. सव्वीस वांगी उपटली. कृषी सहायकाने पानं बघताच विचारलं, "तणनाशकाचा पंप वापरला का?"

हे औषध टाकीत नुसतं विसळून जात नाही. नळीत राहतं, गाळण्यांत राहतं, आणि ही मोटर टाकीच्या तळचा शेवटचा पाव-अर्धा लिटर कधीच ओढत नाही, त्यात तर हमखास राहतं. मग मी धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकीत भरलं, थोडं नळीतून सोडून नळीही भरली, रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते सगळं काढून तीन वेळा स्वच्छ पाणी खेळवलं. त्यानंतरही पहिली फवारणी मुद्दाम दोनच वालाच्या वेलांवर केली आणि आठ दिवस वाट पाहिली. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा. मी स्वतः तणनाशक वापरत नाही, विहीर आगरातच आहे आणि तेच पाणी आम्ही पितो. तण कोयत्याने आणि ग्रास कटरने. आता कुणी पंप मागितला तर यांचा जुना पितळी पंप देते, त्याला लाल रंगाचा पट्टा मारून ठेवला आहे. भाज्यांच्या वाट्याला तो येत नाही.

बॅटरीकडे वळते, कारण बहुतेकांचे पंप तिथेच मरतात. लेड अ‍ॅसिडची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतून खराब होते, नंतर कितीही चार्ज करा, ती पहिल्यासारखी होत नाही. लोक पावसाळ्याच्या सुरुवातीला फवारणी करतात, पंप तसाच मांगरात टांगतात आणि दिवाळीनंतर काढतात. मग म्हणतात, पंप सहा महिन्यांत गेला. काम संपलं की त्याच दिवशी चार्ज करायचा, आणि पडून असला तरी महिन्यातून एकदा. मी संकष्टीचा दिवस धरला आहे, म्हणजे चुकत नाही. माझ्या पंपाला पाच-सहा तास लागतात, चार्जरचा दिवा लालचा हिरवा होतो, मग काढून टाकते. पंपावर व्होल्टचा छोटा मीटर आहे. भरल्यावर १२.७ च्या आसपास दाखवतो. काम करताना साडेअकराच्या खाली आला की मी थांबते, पार संपेपर्यंत ताणत नाही.

आमच्याकडे दुसरा शत्रू खारा दमट वारा. दुसऱ्या वर्षी पंप मध्येच बंद पडायला लागला. तळाचं झाकण चार स्क्रूंवर असतं, यांनी ते उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा लोणा चढला होता. कोरड्या फडक्याने आणि घासकागदाने साफ केलं, वरून व्हॅसलीन लावलं. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच तर सहा महिन्यांतच तुटलं होतं, त्यातूनही पाणी जात होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. एवढ्या छोट्या रबरावर कंपनीने हात आखडता घ्यायला नको होता.

टू-इन-वनचा दांडा हवा की नको, यावर माझं मत आता बदललं आहे. निसर्ग वादळानंतर आमच्या भागात कित्येक आठवडे वीज नव्हती, त्यामुळे दांडा असलेलाच पंप घ्यायचा असं मनात पक्कं होतं. तीन वर्षांत तो दांडा मी दोनदाच वापरला. त्याने वजन वाढतं, आणि टाकीच्या तळाशी आणखी एक जोड येतो, जो माझ्या पंपात या वर्षी झिरपायला लागला. वॉशर पंधरा रुपयांचा, पण तो बदलायला सगळा तळ उघडावा लागला. वीज एखाद-दुसरा दिवस जाते त्या गावात नुसता बॅटरीचा पंप घ्या. चार-चार दिवस जात असेल तर दांडा असू द्या.

लिथियमच्या बॅटरीचे पंपही आता दुकानात दिसतात. बॅटरी बरीच हलकी, माझी लेड अ‍ॅसिडची अडीच किलोच्या आसपास आहे, तर तेवढ्याच ताकदीची लिथियमची साधारण किलोभराची. पाठीला तो फरक कळतो. पण तिचा चार्जर वेगळा असतो, जुना लावायचा नाही, आणि ती गेली तर दापोलीत आज बदलून मिळेलच असं नाही. माझी बॅटरी गेली तर हजार रुपयांत कुठल्याही इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते. शहराजवळ राहत असाल आणि पाठीचं दुखणं असेल तर लिथियमचा विचार नक्की करा.

तीन पावसाळ्यांत या पंपावर झालेला खर्च असा: दोन ट्रिगर मिळून २४०, वॉशरची पुडी ५०, एक नळी १२०. बॅटरी मूळचीच आहे, पण आता १३६ लिटरच्या जागी ९० लिटरलाच मीटर खाली येतो, पुढच्या वर्षी ती बदलावी लागेल.

मागच्या रविवारी धाकट्या जावेला पंप घ्यायचा होता, तिच्याबरोबर दुकानात गेले. तिचं अंग माझ्याहून बारीक. दुकानदाराने मला बघितलं आणि काही न बोलता आतून पाण्याची बादली आणली. पहिला पंप वाकल्यावर गळला, दुसऱ्याचे पट्टे तिच्या खांद्याला सर्वांत आखूड करूनही सैल पडले, आणि तिसरा बारा लिटरचा निघाला, नवीन आलेला, ट्रिगर आणि वॉशर नेहमीच्याच मापाचे. तो घेऊन ती दुकानासमोरच्या चढावर वर-खाली दोनदा चालली, झाकण कोरडं होतं. ३,१०० ला दिला. मी त्याच्याकडून वॉशरच्या दोन पुड्या घेतल्या, एक तिला, एक मला. आता पाऊस येण्याआधी मिरीला बोर्डो मारायचं आहे.